मत्स्यसंवर्धनात ऊतिपरीक्षणाचे महत्त्व

गोठ्यातील जनावर आजारी पडले, तर ते शेतकऱ्याच्या ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. ते रवंथ करीत नाही, वैरणीला तोंड लावीत नाही, कान पाडून उभे राहते. तळ्यातील मासा मात्र मालकाच्या नजरेआड वाढतो आणि नजरेआडच आजारी पडतो. त्याचा आजार काठावरून दिसू लागतो तेव्हा बहुधा बराच उशीर झालेला असतो. मासे खाद्य घेईनासे होतात, पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि दोन-चार दिवसांत मेलेले मासे काठाला लागतात. हंगामभराचे श्रम आणि भांडवल अशा रीतीने पाण्यात जाते.

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव, राज्यातील धरणांचे जलाशय, गावतळी आणि ठिकठिकाणी खोदलेली शेततळी यांमुळे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन हा आपल्या ग्रामीण जीवनातील एक महत्त्वाचा जोडधंदा झाला आहे. अनेक कुटुंबांचा तर तो मुख्य व्यवसाय आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषी क्षेत्रासमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीत पिकांवरील रोगांच्या निदानास जे स्थान आहे, तेच स्थान मत्स्यसंवर्धनात माशांच्या रोगनिदानास मिळाले पाहिजे, ही अपेक्षा त्यामुळे अधिक रास्त ठरते. या निदानाच्या साधनांपैकी ऊतिपरीक्षण हे एक जुने, भरवशाचे, परंतु ग्रामीण भागात फारसे परिचित नसलेले साधन आहे. त्याची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

एकच लक्षण, अनेक कारणे

माशांच्या रोगांबाबत मुख्य अडचण अशी, की निरनिराळ्या कारणांनी होणाऱ्या आजारांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकीत आहेत, एवढ्यावरून कोणता निष्कर्ष काढावा? पहाटेच्या वेळी पाण्यातील प्राणवायू कमी झाल्यामुळे हे घडू शकते. पाण्यात अमोनिया साठून कल्ल्यांना इजा झाली असल्यासही हेच दिसते. कल्ल्यांवर सूक्ष्म परोपजीवी वाढले असतील किंवा शेजारच्या शेतातील कीटकनाशक पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरले असेल, तरीही माशाचे वर्तन फारसे वेगळे नसते. पहिल्या बाबतीत ताजे पाणी सोडणे किंवा पाणी घुसळणे पुरेसे होते. अन्य बाबतींत त्याने तात्पुरता आराम पडेल, रोग मात्र कायम राहील.

अंगावरील व्रणांचेही तसेच आहे. जाळ्याचा ओरखडा, माशांवरील उवा, जिवाणूंचा संसर्ग आणि बुरशीसारख्या जीवांचा संसर्ग या सर्वांतून लाल चट्टे व उघडे व्रण निर्माण होऊ शकतात. केवळ डोळ्यांनी पाहून औषध ठरविणे म्हणजे अंधारात बाण मारण्यासारखे आहे. असा बाण चुकला की औषधाचा खर्च वाया जातो, मासे मरतात आणि पाण्यात नको ती रसायने साठतात.

ऊतिपरीक्षण म्हणजे काय

समान रचनेच्या आणि समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात, हे शालेय विज्ञानाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. रोग हा अखेरीस पेशींमधील बिघाड होय, हा विचार जर्मन वैद्यक रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये पेशीय विकृतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सुसूत्रपणे मांडला. मनुष्याच्या शरीरातील गाठीचा लहानसा तुकडा काढून तो तपासणीसाठी पाठविण्याची पद्धत आज सर्वपरिचित आहे. माशांचे ऊतिपरीक्षण याच तत्त्वावर आधारलेले आहे.

या पद्धतीत आजारी माशाच्या निवडक अवयवांचे लहान तुकडे प्रथम फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवून स्थिर करतात. स्थिर करणे याचा अर्थ असा, की मृत्यूनंतर पेशींमध्ये सुरू होणारी कुजण्याची क्रिया थांबवून त्यांची रचना होती त्या अवस्थेत टिकवून धरणे. त्यानंतर प्रयोगशाळेत हे तुकडे चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यांतील पाणी काढून टाकतात, झायलीनसारख्या द्रवाने त्यांना पारदर्शक करतात आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवितात. मेण घट्ट झाले, की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे सुमारे पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. एका मिलिमीटरचे दोनशे समान भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी ही जाडी होय. हा पातळ छेद काचपट्टीवर चिकटवून हिमॅटॉक्सिलीन व इओसिन या दोन रंजकांनी रंगवितात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसू लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञ निरोगी माशाच्या छेदाशी त्याची तुलना करून कोठे, कोणता आणि किती बिघाड झाला आहे ते ठरवितात.

अवयव काय सांगतात

प्रत्येक अवयव माशाच्या आयुष्यातील एका वेगळ्या बाजूची माहिती देतो.

कल्ले हे पाणी आणि रक्त यांच्यामधील दार होय. कल्ल्यांच्या तंतूंवर असंख्य नाजूक पटले असतात आणि त्यांचे आवरण अत्यंत पातळ असते, म्हणूनच पाण्यातील प्राणवायू सहज रक्तात जातो. पाणी दीर्घकाळ दूषित राहिले, की या आवरणातील पेशींची संख्या वाढते, पटले जाड होतात आणि शेजारची पटले एकमेकांस चिकटतात. अशा माशाला पाण्यात पुरेसा प्राणवायू असूनही तो घेता येत नाही. पाणी तपासले असता प्राणवायू ठीक आणि मासा मात्र धापा टाकीत आहे, या कोड्याचे उत्तर कल्ल्याच्या छेदात अनेकदा मिळते.

यकृत हे खाद्याविषयी बोलते. आपल्याकडे भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा हे कार्प माशांचे नेहमीचे पूरक खाद्य आहे. ते दमट जागी साठविले तर पेंडीला बुरशी लागते आणि त्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. १९६० च्या सुमारास तेथील मत्स्यबीज केंद्रांमध्ये रेनबो ट्राउट जातीच्या माशांत यकृताच्या कर्करोगाची मोठी लाट आली. माशांच्या यकृतातील गाठींचा अभ्यास आणि खाद्याची चिकित्सा यांवरून संशयाची सुई सरकीच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिनकडे वळली. बाहेरून धष्टपुष्ट दिसणारे मासे आतून पोखरले जात होते. खाद्यातील तेल खवट झाले असेल किंवा स्निग्धांश प्रमाणाबाहेर असेल, तर यकृताच्या पेशींत चरबीचे थेंब साठलेले छेदात स्पष्ट दिसतात.

मूत्रपिंड आणि प्लीहा या अवयवांत रक्तपेशींची निर्मिती व शरीराचे रक्षण यांच्याशी संबंधित ऊती असतात. या ठिकाणी तपकिरी-काळ्या रंगद्रव्याने भरलेल्या भक्षक पेशींचे पुंजके आढळतात. माशाचे वय, उपासमार आणि दीर्घकाळचा ताण यांबरोबर हे पुंजके वाढतात. म्हणून एखाद्या जलाशयातील माशांवर प्रदूषणाचा परिणाम होत आहे काय, याचा अंदाज घेताना अभ्यासक त्यांची पाहणी करतात.

त्वचा व तिच्याखालील स्नायू यांचे महत्त्व एका विशिष्ट साथीच्या इतिहासातून विशेष रीतीने प्रकट झाले. तो इतिहास थोडा विस्ताराने पाहणे उचित ठरेल.

साथीच्या व्रणरोगाचा इतिहास

१९७१ मध्ये जपानच्या ओइता प्रांतात आयु नावाच्या माशांत व्रण निर्माण करणारा एक रोग दिसून आला. तेथील संशोधकांनी स्नायूंमध्ये आढळणाऱ्या बुरशीजन्य गाठींवरून त्यास नाव दिले. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात बोय जातीच्या माशांवर लाल डाग पडणारा रोग आला आणि त्यास ‘लाल डागांचा रोग’ असे म्हटले गेले. पुढील वर्षांत पापुआ न्यू गिनी आणि मग इंडोनेशिया, थायलंड असा आग्नेय आशियातील एकेक देश या लाटेखाली येत गेला. १९८८ मध्ये हा रोग बांगलादेशात आणि त्याच वर्षी भारताच्या ईशान्य भागात पोहोचला. तेथून काही वर्षांतच तो देशाच्या मोठ्या भागात पसरला. १९९१ मध्ये केरळच्या खाजणांत व भातशेतीच्या पाणथळ भागात त्याने हाहाकार उडविला. या रोगास ‘इपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम’, संक्षेपाने ‘इ.यू.एस.’ असे नाव मिळाले. मराठीत त्यास साथीचा व्रणरोग म्हणता येईल.

रोगाचे स्वरूप भयंकर होते. माशाच्या अंगावर प्रथम लहान लाल ठिपके, मग खोल व्रण, आणि अखेरीस मांस गळून हाडे उघडी पडत. मरळ, मरळीच्या कुळातील अन्य मासे आणि लहान स्थानिक मासे यांना त्याची बाधा सर्वाधिक होई. ग्रामीण भागातील गोरगरिबांच्या ताटात येणारे मासे ते हेच. अशा माशांचे दृश्य पाहून लोकांनी मासे खाणेच सोडले. जे मासे निरोगी होते त्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. रोगाने जितके नुकसान केले तितकेच भीतीनेही केले, आणि त्याचा भार मुख्यतः रोजच्या मासेमारीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांवर पडला.

कारणाविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नव्हते. व्रणांमधून एरोमोनास जातीचे जिवाणू मिळत, म्हणून काहींनी त्यांना दोषी धरले. काही ठिकाणी विषाणू वेगळे करण्यात आले, म्हणून इतरांनी विषाणूंवर बोट ठेवले. कीटकनाशके आणि पाण्याचे प्रदूषण यांवरही संशय घेण्यात आला. उघडा व्रण ही जणू धर्मशाळाच असते. तेथे नंतर येऊन मुक्काम करणारे अनेक असतात आणि मूळ कारण त्यांच्या गर्दीत झाकून जाते.

या ठिकाणी ऊतिपरीक्षण निर्णायक ठरले. निरनिराळ्या देशांतील आजारी माशांचे स्नायू कापून छेद पाहिले असता प्रत्येक वेळी एकच चित्र समोर आले. स्नायूंमध्ये खोलवर पातळ भिंतीचे, आडपडदे नसलेले, सुमारे १२ ते २५ मायक्रॉन जाडीचे तंतू शिरलेले होते आणि प्रत्येक तंतूभोवती माशाच्या संरक्षक पेशींनी जाड कडे केले होते. या कड्यास कणार्बुद असे म्हणतात. चांदीच्या क्षारांचा उपयोग करणाऱ्या विशेष रंजनपद्धतीने हे तंतू काळे ठळक दिसत. ब्रिटनमधील स्टर्लिंग विद्यापीठाचे रोनाल्ड रॉबर्ट्स, थायलंडमधील सुप्राणी चिनाबुट आणि ऑस्ट्रेलियातील संशोधक यांच्या कार्यातून हे चित्र स्पष्ट होत गेले. जपानमधील कणार्बुदांचा रोग, ऑस्ट्रेलियातील लाल डागांचा रोग आणि आशियातील व्रणरोग हे तीन वेगळे रोग नसून एकच आहेत, हे उमगले. १९९४ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या परिसंवादात या रोगाची व्याख्या निश्चित करण्यात आली आणि ऊतींमध्ये खोल शिरणारा अॅफॅनोमायसिसचा संसर्ग हा तिचा आधार ठरला. अॅफॅनोमायसिस इनव्हाडन्स हे या जीवाचे नाव. तो दिसावयास बुरशीसारखा असला, तरी खऱ्या बुरशींच्या वर्गात तो मोडत नाही.

जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या सूचीत हा रोग समाविष्ट आहे आणि त्याच्या निदानात स्नायूंतील तंतू व कणार्बुदे दाखविणाऱ्या छेदास आजही महत्त्वाचे स्थान आहे. २००६-०७ मध्ये आफ्रिकेतील झांबेझी व चोबे नद्यांच्या परिसरात माशांवर व्रण दिसू लागले तेव्हा तेथेही याच खुणांवरून रोग ओळखता आला.

निदानाने उपाय बदलतो

अचूक निदानाचा व्यावहारिक लाभ कोणता, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. व्रण जिवाणूंमुळे झाले आहेत असे समजून तळ्यात प्रतिजैविके टाकली, तर अॅफॅनोमायसिसवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. पैसा खर्च होतो, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मात्र तळ्यात वाढू लागतात. काही प्रतिजैविकांच्या वापरास तर मत्स्यसंवर्धनात मनाईच आहे. मॅलॅकाइट ग्रीन हे रंगद्रव्य पूर्वी अशा रोगांवर वापरले जाई. ते आरोग्यास घातक असल्याने खाण्याच्या माशांसाठी त्याचा उपयोग करणे सर्वथा अयोग्य आहे.

साथीच्या व्रणरोगाचे निदान पक्के झाले, की लक्ष पाण्याकडे वळते. पावसाळा सरल्यानंतर, पाण्याचे तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते त्या काळात हा रोग प्रामुख्याने उफाळतो. अतिवृष्टीमुळे पाण्याची क्षारता घटलेली असते आणि माशांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. म्हणून हंगामापूर्वी पाण्याचा सामू तपासून योग्य प्रमाणात चुना देणे, रोगट तलावाचे पाणी आपल्या तळ्यात येऊ न देणे, जंगली मासे शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वारी जाळी लावणे, मेलेले मासे काढून चुना टाकून पुरणे, जाळी व भांडी उन्हात वाळविणे आणि पीक काढल्यावर तळे कोरडे पाडणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात. भुवनेश्वरजवळील कौसल्यगंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने या रोगासाठी ‘सिफॅक्स’ हे औषध विकसित केले. त्याचा वापर तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा. मोठ्या जलाशयात वा नदीत औषधोपचार व्यवहार्य नसतो, त्यामुळे तेथे प्रतिबंधावरच भर द्यावा लागतो.

कोणत्या जातीचे बीज सोडावयाचे, या निर्णयातही निदानाची मदत होते. मरळीसारखे मासे या रोगास सहज बळी पडतात. सायप्रिनस आणि तिलापिया हे मासे त्यास बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, असे दिसून आले आहे. ज्या तलावात हा रोग निश्चित झाला असेल, तेथील पुढील हंगामाचे नियोजन या माहितीच्या आधारे करता येते.

भीतीवरचा उपायही निदानातच आहे. अॅफॅनोमायसिसचा संसर्ग मनुष्यास होत नाही. व्रण पडलेले मासे विकू नयेत व खाऊ नयेत, कारण त्यांत अन्य जिवाणू असू शकतात. परंतु निरोगी मासे नीट शिजवून खाण्यास कोणतीही हरकत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हाती असेल, तर ग्रामपंचायत ही गोष्ट अधिकारवाणीने सांगू शकते आणि अफवांमुळे बुडणारा बाजार सावरता येतो.

तळ्याच्या काठावरील काम

ऊतिपरीक्षण प्रयोगशाळेत होत असले, तरी त्याचे यश तळ्याच्या काठावर पहिल्या काही मिनिटांत ठरते. माशाच्या ऊती मृत्यूनंतर फार वेगाने बिघडू लागतात. उष्ण हवेत कल्ले आणि मूत्रपिंड यांची रचना अल्पावधीत नष्ट होते. सकाळपासून तरंगत असलेला मेलेला मासा पिशवीत घालून दुपारी कार्यालयात आणून दिला, तर त्याच्या छेदात रोगाच्या खुणांऐवजी कुजण्याच्या खुणा दिसतात. हा नमुना निरुपयोगी असतो. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नमुन्यासाठी जिवंत, परंतु आजाराची लक्षणे स्पष्ट दिसणारे मासे निवडावेत. त्याच तळ्यातील निरोगी दिसणारे काही मासेही तुलनेसाठी घ्यावेत.

२. एक भाग बाजारी फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी असे द्रावण आधी तयार ठेवावे. ते फॉस्फेट क्षारांनी उदासीन केलेले असल्यास अधिक चांगले. प्रयोगशाळेकडून तयार द्रावण मागवून ठेवणे सर्वांत सोयीचे. फॉर्मॅलिन विषारी व दाहक असून त्याची वाफ आरोग्यास अपायकारक आहे. म्हणून हातमोजे घालावेत, मोकळ्या हवेत काम करावे आणि बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

३. मासा त्वरित व कमीत कमी वेदना देऊन मारावा आणि लगेच अवयवांचे तुकडे घ्यावेत. तुकड्याची जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, अन्यथा द्रावण आतपर्यंत पोहोचत नाही आणि मधला भाग कुजतो. बोटुकली लहान असल्यास पोटास चीर देऊन अख्खी द्रावणात टाकावी.

४. व्रण असल्यास जुन्या उघड्या व्रणाचा मधला भाग घेऊ नये. नुकताच आलेला लाल डाग किंवा व्रणाची कड, लगतच्या निरोगी दिसणाऱ्या स्नायूंसह कापून घ्यावी.

५. द्रावणाचे आकारमान तुकड्यांच्या किमान दहापट असावे. बरणीत मासे खच्चून भरू नयेत.

६. ऊतिपरीक्षणासाठीचा नमुना बर्फात गोठवू नये. गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

७. तळ्याचे नाव, तारीख व माशाची जात कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलीने लिहून तो कागद बरणीत टाकावा. शाई द्रावणात विरघळते, शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते.

८. सोबत एक टिपण द्यावे. तळ्याचे क्षेत्र व खोली, सोडलेल्या बीजाची संख्या व तारीख, दिलेले खाद्य, दररोज मेलेल्या माशांची संख्या, पाण्याचे तापमान व सामू, अलीकडील पाऊस आणि परिसरातील औषधफवारणी यांची नोंद त्यात असावी. अनुभवी रोगतज्ज्ञ छेद पाहण्यापूर्वी हे टिपण वाचतो.

एक ते दोन दिवस द्रावणात राहिलेला नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्यास योग्य होतो. छेदांची संपूर्ण प्रक्रिया पूर्ण होऊन अहवाल येण्यास काही दिवस लागतात. दरम्यानच्या काळात एक सोपी चाचणी करून पाहता येते. व्रणाच्या कडेखालील स्नायूचा अगदी लहान तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तंतू दिसू शकतात. त्यावरून संशय बळावतो. खात्री मात्र रंगविलेल्या छेदानेच होते.

परीक्षणाच्या मर्यादा

कोणत्याही साधनाप्रमाणे ऊतिपरीक्षणासही मर्यादा आहेत आणि त्या जाणून घेणे आवश्यक आहे. छेदातून ऊतींचे काय झाले ते दिसते. ते कोणी केले हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाहीत. त्यांनी केलेली हानी ओळखू येते, परंतु त्यांची नेमकी जात ठरविण्यासाठी जनुकीय चाचणी करावी लागते आणि त्यासाठी ऊतींचा वेगळा तुकडा तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवून पाठवावा लागतो. जिवाणूंच्या तपासणीसाठी जिवंत किंवा बर्फात थंड ठेवलेला ताजा मासा द्यावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये जिवाणू मरतात. शिवाय नमुना घेण्यात झालेल्या दिरंगाईमुळेही कल्ल्यांचे आवरण सुटून येते आणि हा बदल रोगाचा भासू शकतो. म्हणून ऊतिपरीक्षण, पाण्याची तपासणी आणि जिवाणू-विषाणूंची तपासणी यांचा मेळ घालूनच निष्कर्ष काढणे इष्ट होय.

गावपातळीवरील जबाबदारी

देशात २०१३ पासून जलचर प्राण्यांच्या रोगांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेकडे त्याचे समन्वयन सोपविण्यात आले. मुंबईत १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तसेच रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत. तज्ज्ञ आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत. परंतु तळ्यातील आजारी मासा आणि प्रयोगशाळेतील तज्ज्ञ यांच्यामधील अंतर तोडावयाचे असेल, तर गावातील माणूसच पुढे आला पाहिजे.

या कामी पंचायत सदस्यांना बरेच काही करता येण्याजोगे आहे. तलाव ठेक्याने घेणाऱ्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेने माशांच्या मरतुकीची नोंदवही ठेवावी, असा आग्रह त्यांना धरता येईल. फॉर्मॅलिनच्या दोन बरण्या, एक धारदार चाकू, हातमोजे आणि पेन्सिल एवढे साहित्य संस्थेच्या कार्यालयात कुलपात ठेवणे अवघड नाही. मरतूक दिसताच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयास त्याच दिवशी कळवावे. अधिकाऱ्यांनी मत्स्यसंवर्धकांच्या प्रशिक्षणात नमुना घेण्याचे प्रात्यक्षिक अवश्य ठेवावे आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर त्याचा अर्थ सोप्या भाषेत संबंधितांना समजावून सांगावा. अहवाल फाइलमध्ये राहिला आणि तळ्याच्या काठावर पोहोचला नाही, तर पुढच्या वेळी नमुना देण्यास कोणी उत्सुक राहणार नाही.

शिक्षकांचे साहाय्य याहूनही मोलाचे ठरू शकेल. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक असतो. बाजारातून आणलेल्या ताज्या माशाच्या कल्ल्याचा लहान तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून विद्यार्थ्यांना दाखविला, तर पटलांची रचना त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. पुस्तकातील ऊतींचा धडा आणि गावातील तलाव यांचा संबंध तेथे जुळतो. असे विद्यार्थी उद्या तलावाच्या काठी जातील तेव्हा मेलेल्या माशांच्या ढिगाऐवजी आजारी मासा आधी शोधतील.

शेतातील माती तपासून खत द्यावे, हा विचार एकेकाळी नवा होता. कृषी विभागाचे कर्मचारी, शिक्षक आणि गावचे पुढारी यांच्या प्रयत्नांनी मातीचा नमुना कसा घ्यावा हे शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. माशांच्या ऊतींबाबतही हेच घडवून आणता येईल. येत्या पावसाळ्यानंतर थंडीची चाहूल लागेल, तेव्हा प्रत्येक मत्स्यव्यवसाय संस्थेच्या कपाटात फॉर्मॅलिनची बरणी तयार असावी आणि तिचा उपयोग कसा करावा हे किमान दोन सभासदांस ठाऊक असावे. एवढी तयारी झाली, तरी अनेक तळ्यांवरील मासळी वाचू शकेल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या मिळकतीचे रक्षण होईल.